चंद्राचं वाचन

माझं नाव धोंडू. आधीची भावंडं जगली नाहीत म्हणून आईने दगडाचं नाव ठेवलं, आणि मी खरंच टिकले. सातवी पास आहे, तीही पहिल्याच दणक्यात. नवरा गेल्यापासून भावाच्या घरी राहते. हे सगळं आधीच सांगून ठेवते, कारण पुढे हेडमास्तरांबद्दल चार शब्द बोलणार आहे. मग कुणी म्हणायला नको की ही अडाणी बाई, हिला शाळेतलं काय कळतं.

गोष्ट माझ्या भाचीची, चंद्राची. माझा भाऊ राघो भिवंडीत गुलाम हुसेन सेठच्या यंत्रमागाच्या कारखान्यात जॉबर होता. लूम बिघडला की सगळे त्याच्या नावाने हाका मारायचे. आमचं मूळ गाव अंजूर, पण तिथल्या शेतावर गोदाम उभं राहिलं आणि आम्ही शहरात आलो. सेठने कारखान्याला लागूनच दोन खोल्या दिल्या. राघोची बायको बायजा आणि मी कांड्या भरायचो, म्हणजे धोट्यात बसणाऱ्या नळ्यांवर सूत गुंडाळायचो. चंद्रा तिथेच बारदानावर निजून, सुताच्या भेंडोळ्यांशी खेळून मोठी झाली.

आमच्याकडे पाहुणा आला की पहिल्या दिवशी कानात बोटं घालून बसतो. लूम चालू असताना माणूस शेजारी बोंबलला तरी ऐकू जात नाही. म्हणून कारखान्यातली माणसं ओठांनी बोलतात. राघो पलीकडच्या भिंतीजवळ उभा राहून ओठ हलवायचा आणि इकडचा कारीगर त्याला पाना नेऊन द्यायचा. मलाही ते येतं, बायजालाही येतं. शिकवत कुणी नाही, आपोआप येतं. चंद्राला तर इतकं येत होतं की सेठ दारात उभा राहून हिशेब लिहिणाऱ्या मेहताजीला हळूच काय सांगतोय, ते ती आम्हाला लांबूनच सांगायची. एकदा तिने सेठची बायकोबद्दलची तक्रार सगळ्या कारखान्याला ऐकवली, तेव्हा राघोने तिला खोलीत कोंडून ठेवलं होतं. आणि कोंडून वर स्वतःच हसत बसला होता.

अशी चलाख पोर शाळेत मात्र ढ. हिशेब तोंडी विचारा, फटकन सांगेल. गोष्ट एकदा ऐकली की जशीच्या तशी म्हणेल. पण पुस्तक उघडलं की बसली घुम्यासारखी. तिच्या वहीत अक्षरं अशी पडलेली असायची की कोणतं कुठल्या शब्दातलं ते देवालाही कळू नये. मास्तरांनी मारलं, बाकावर उभं केलं, पहिलीतल्या पोरांमध्ये नेऊन बसवलं. आम्ही ब्राह्मीचं तेल लावलं, बदाम भिजवले, गावच्या भगताकडून ताईत आणला. ताईत गळ्यात घालून पोर चौथीत पुन्हा नापास झाली. हेडमास्तरांनी राघोला बोलावून सांगितलं, "आणखी एक वर्ष ठेवतो. उन्हाळ्याच्या सुटीआधी माझ्यासमोर वाचून दाखवलं तर पाचवीत पाठवीन. नाहीतर नाव पटावरून काढावं लागेल, माझा नाइलाज आहे."

नाव पटावरून काढलं की काय होतं हे आमच्याकडे कुणी कुणाला विचारत नाही. ज्या पोरीचं नाव निघतं ती दुसऱ्या दिवशी कांडीच्या मशीनवर दिसते. मी स्वतः तिथे बसले आहे, म्हणून सांगते, त्या मशीनवर आयुष्य कधी संपलं ते कळतही नाही. चंद्राने तिथे बसू नये एवढी एकच गोष्ट मला देवाकडे मागायची होती.

साजिदाबाईंचं नाव मला सेठच्या घरूनच कळलं. त्या कोकणी मुसलमान घरातल्या, वडिलांचा लाकडाचा व्यापार. मुंबईला राहून त्यांनी एक शिक्षण घेतलं होतं, ज्या मुलांना डोकं असून वाचता येत नाही त्यांना कसं शिकवायचं याचं. चौऱ्याण्णव साल होतं. भिवंडीत अशी काही गोष्ट असते हेच कुणाला माहीत नव्हतं, त्यामुळे त्यांच्याकडे फारसं कुणी जायचं नाही. जे जायचे ते बाईंची रिकामी खोली बघून, ही कसली शिकवणी, असं म्हणून परत यायचे. खोलीत ना फळा, ना छडी.

पहिल्या दिवशी बाईंनी चंद्राला नीट तपासलं. तिच्याकडून मणी ओवून घेतले, चित्रं लावून घेतली, टाळ्या वाजवून घेतल्या. मग मला म्हणाल्या, "धोंडूबाई, मुलगी हुशार आहे. बहुत हुशार. याला डिस्लेक्सिया म्हणतात. डोळे चांगले, डोकं चांगलं, पण अक्षर आणि आवाज यांची गाठ तिच्याकडे आपली आपण बसत नाही. आपण ती बसवायची. वेळ लागेल, पण बसेल."

मी घरी येऊन तो शब्द सांगितला. आमच्या घरात त्याचं 'डिसलेक्शा' झालं. बायजा म्हणाली, "नाव हाय म्हंजे दवा पन असंल." राघोने त्या दिवशी चंद्राच्या डोक्यावरून हात फिरवला. इतकी वर्षं पोरगी आळशी, पोरगी द्वाड, असं ऐकत आलो होतो. कुणीतरी पहिल्यांदा म्हणालं की तिचा दोष नाही. मला त्या रात्री जेवण गोड लागलं.

शिकवणी सुरू झाली. मी तिला घेऊन जायचे आणि कोपऱ्यात बसून राहायचे. बाई थाळीत रवा पसरायच्या आणि चंद्रा बोटाने त्यात अक्षर काढायची. काढताना तोंडाने आवाज करायचा. खरखरीत कागदाची अक्षरं होती, ती डोळे मिटून चाचपायची. मग पुस्तक. चंद्रा समोर बसायची, बाई तिच्यासमोर, मध्ये पुस्तक. बाईंना सगळी पानं पाठ, त्यांना पुस्तक उलटं असलं तरी चालायचं. पोर अडली की बाई सांगायच्या नाहीत. तिला आपलं आपण येऊ द्यायचं, हा त्यांचा नियम. फक्त त्यांचा जीव इतका तुटायचा की ओठ हलायचे. पोराला घास भरवताना आई स्वतःच आ करते ना, तसं. आवाज नसायचा, पण शब्द ओठांवर असायचा.

दसऱ्यापर्यंत चंद्रा शब्द वाचायला लागली. दिवाळीपर्यंत ओळी. मी कोपऱ्यात बसून पदराने डोळे पुसायचे. बाई म्हणायच्या, "बघा, कशी वर बघून बघून वाचते. तिला धीर लागतो. माझ्याकडे बघितलं की तिला धीर येतो." चुका व्हायच्या. पाटाच्या जागी माट, मामाच्या जागी बाबा. बाई म्हणायच्या, प, ब आणि म यांचा गोंधळ या मुलांत असतोच, आणि त्या अक्षरांवर जास्त मेहनत घ्यायच्या.

दिवाळीत बाई फराळाला आमच्या खोलीवर आल्या. राघो म्हणाला, "बाय, वाचून दाखव." चंद्राने पुस्तक काढलं, बाईंच्या समोर बसली आणि एक अख्खं पान वाचलं. राघोने तिथल्या तिथे पेढे मागवले आणि कारखान्यात वाटले. शाळेत जाऊन हेडमास्तरांनाही एक पेढा आणि बातमी देऊन आला. बाई नसताना मात्र चंद्रा घरी वाचायची नाही. "बाई असल्यावच वाचीन," म्हणायची. आम्ही म्हटलं, लाडावली आहे.

शिमग्याच्या सुमारास साजिदाबाईंची दाढ सुजली. डॉक्टरने काढली. दुसऱ्या दिवशी आम्ही गेलो तर त्यांचा गाल टम्म फुगलेला, आणि त्यांनी ओढणी तोंडावरून घेऊन मानेमागे गाठ मारलेली. मी म्हटलं, आज राहू द्या. पण त्या शिकवणी चुकवणाऱ्यांतल्या नव्हत्या. हाताने खूण केली, वाच.

चंद्राने पुस्तक उघडलं. बाईंकडे बघितलं. पुस्तकात बघितलं. पुन्हा बाईंकडे.

"वाच बेटा," बाई ओढणीआडून म्हणाल्या.

"बाई, ओढनी काढा ना."

"का गं?"

"दिसत न्हाय."

"काय दिसत नाही?"

"तुमचा तोंड."

बाईंना क्षणभर काही कळलं नाही. मला मात्र लगेच कळलं. मी कारखान्यातली. बाईंनी पुस्तकातल्या पहिल्याच शब्दावर बोट ठेवलं, कालच वाचलेल्या. चंद्रा गप्प. दुसऱ्यावर ठेवलं. गप्प. मग बाईंनी गाठ सोडून ओढणी खाली केली आणि आवाज न करता नुसते ओठ हलवले. चंद्रा खुशीत म्हणाली, "आमच्या अंगनात." पुस्तक तर बाईंनी तेव्हा मिटलेलं होतं.

बाईंच्या सुजलेल्या गालावरून पाणी ओघळत होतं आणि ते दुखण्याचं नव्हतं. मग त्यांनी अगदी सांभाळून विचारलं, "चंद्रा, पुस्तकात बघून तुला काय दिसतं?"

"किडं-मुंग्या."

"मग तू वाचतेस कशी?"

"तुमी बोलता तसा."

"आणि शाळेतली बाकीची मुलं कशी वाचतात?"

चंद्राला हा प्रश्नच वेडगळ वाटला असावा. "तशीच. मास्तर बोलतात आनि सगली त्यांच्या तोंडाकडं बघून बोलतात. पुस्तक हातात धरायचा असतो." मग जरा घाबरून तिने विचारलं, "आनि कसा वाचतात?"

पोर लबाडी करत नव्हती. हे मी जिथे जिथे सांगितलं तिथे लोक हसले, म्हणून पुन्हा सांगते, पोर लबाडी करत नव्हती. तिला वाटत होतं, वाचणं म्हणजे हेच. माणसाने पुस्तक हातात धरायचं, समोरच्याच्या ओठांवरून शब्द उचलायचा. कारखान्यात जन्मलेल्या पोरीला यात वावगं काय वाटणार? पानातून शब्द निघतो हे तिला कुणी सांगितलंच नव्हतं, कारण सांगावं लागतं असं कुणाला वाटत नाही. पाट आणि माट, मामा आणि बाबा, सगळ्यांना ओठ सारखेच मिटतात. बाई ज्याला आजाराची खूण समजत होत्या, ती ओठांची खूण होती.

त्या दिवशी निघताना बाई म्हणाल्या, "सहा-सात महिने गेले, धोंडूबाई. सगळे गेले." मग स्वतःलाच बजावल्यासारखं म्हणाल्या, "आता पहिल्यापासून. आणि ओढणी बांधूनच."

मी घरी येऊन राघोला सांगितलं. तो ऐकायलाच तयार नाही. "मी माझ्या डोल्यांनी बघितलाय. आख्खा पान वाचला तिनं. बाईंचा आता मन न्हाय शिकवायला, म्हनून काय पन सांगतात." मी डोकं आपटलं तरी त्याच्या गळी उतरलं नाही. पेढे वाटून झाले होते ना. पेढे वाटलेली गोष्ट खोटी निघाली तर कारखान्यात तोंड कसं दाखवायचं, हे त्याचं खरं दुखणं. भाऊ आहे माझा, पण कधी कधी असा राग येतो.

मग जे दिवस गेले ते आठवले की अजून जीव कासावीस होतो. बाईंची दाढ बरी झाली तरी ओढणी तोंडावर. चंद्राला वाटलं, बाई रुसल्या. ती रस्त्यात मला विचारायची, "मी काय केला, आत्ते? बाई मना तोंड का दाखवत न्हायत?" शिकवणीत ती रडायची, पुस्तक ढकलून द्यायची, रव्याची थाळी उलटी करायची. एकदा तर बाईंची ओढणी ओढायला धावली. बाईंनी तिचे दोन्ही हात धरून ठेवले. पण ओढणी सोडली नाही. मला त्यांचा राग यायचा, आणि कौतुकही वाटायचं. दोन्ही एकाच वेळी.

बिनमात्रेच्या अक्षरांपासून सुरुवात केली. घ आणि र. व आणि ड. बोटाने काढायचं, आवाज करायचा, मणी सरकवायचा, मग दोन मणी जवळ आणायचे. दिवसेंदिवस काहीच होत नव्हतं. चंद्रा पान बघून कपाळाला आठ्या घालायची आणि डोळे चोळायची. पहिल्यांदाच ती खरं वाचायचा प्रयत्न करत होती, आणि तिला पहिल्यांदाच कळत होतं की ते किती अवघड आहे. बाई मला म्हणाल्या, "एक वर्ष पाहिजे. पूर्ण एक वर्ष. मी हेडमास्तरांशी बोलते."

त्या बोलल्या. सगळं खरं खरं सांगितलं, ओठांचंही. हेडमास्तर वाईट माणूस नव्हते. वाईट असते तर मला शिव्या द्यायला सोपं गेलं असतं. त्यांच्या वर्गात साठ-सत्तर पोरं, वरून साहेबांचा निकालासाठी तगादा. ते म्हणाले, "बाई, ओठांवरून वाचणं वगैरे माझ्या कानाला नवीन आहे. तिने स्वतः एक ओळ वाचली तरी मी तुमच्या शब्दावर एक वर्ष देतो. चौथीचं नको, दुसरीचं पुस्तक देतो. एक ओळ."

एक ओळ. शाळेतून परत येताना बाई आणि मी आशेने अगदी वेड्या झालो होतो.

ठरलेल्या सकाळी ऑफिसात आम्ही सगळे होतो. राघो धुतलेला शर्ट घालून आलेला, कारण त्याच्या मते पोरगी पान वाचणार होती. बाई चंद्राच्या समोर बसल्या, ओढणी बांधून. मी बाजूच्या खुर्चीत, तिथून पुस्तक दिसत नव्हतं. हेडमास्तरांनी दुसरीचं पुस्तक उघडून एका ओळीवर बोट ठेवलं.

चंद्राने पुस्तकात बघितलं. वर बघितलं नाही. तिचं बोट पहिल्या अक्षरावर गेलं. ओठ हलले. मग दुसऱ्यावर. बाहेर पोरं बे एके बे म्हणत होती. तिच्या कपाळावर घाम आला. बोट तिसऱ्या अक्षरावर गेलं, पुन्हा पहिल्यावर आलं. हेडमास्तरांनी घड्याळ बघितलं. राघोने खाकरून घेतलं.

"ग," चंद्रा म्हणाली. "व. त." मग थांबली. मग तिचा चेहरा असा झाला की मी तसा तो पूर्वी कधी बघितला नव्हता. कुणीतरी आतून हाक मारल्यासारखी ती दचकली. "गवत," ती म्हणाली. "बाई! गवत! गवत हाय हिकडं!"

ओढणीच्या वर बाईंचे डोळे भरून आले. मीही रडत होते. आम्हा दोघींना ठाऊक होतं की या पोरीने जन्मात पहिल्यांदा पानावरून एक शब्द उचलला आहे, कुणाच्या तोंडून नाही. तिथल्या तिथे उठून तिला कडेवर घ्यावं, मोठी झाली असली तरी, असं मला वाटलं.

"हं," हेडमास्तर म्हणाले. "पुढे?"

पुढचा शब्द 'ओलं' होता, हे बाईंनी मला नंतर सांगितलं. तिथे मात्रा होती, वर टिंब होतं. तिथवर आम्ही पोचलोच नव्हतो. चंद्राचं बोट त्या शब्दावर अडून राहिलं. मग सवयीने तिची मान वर आली आणि ती बाईंच्या तोंडाकडे बघायला लागली. तिथे ओढणी. तिने माझ्याकडे बघितलं. मला ओठ हलवता आले असते, पण हलवायला शब्द ठाऊक नव्हता.

"बाई," चंद्रा अगदी हळू म्हणाली, "ओढनी काढा ना."

बाईंचा हात मानेमागे गेला. गाठीवर टेकला. काढावी, असं मला वाटलं. एक ओळ, दोन-तीन शब्द, ओठ हलले की झालं. काढू नये, असंही वाटलं. आत्ताच तर पोर एक शब्द खरा वाचून बसली होती. बाईंनी हात खाली घेतला. मांडीवर ठेवला आणि दुसऱ्या हाताने तो धरून ठेवला.

राघो उसळून उठला. "काढा ना ती ओढनी! तोंड झाकून शिकवतात काय कुटं? दिवालीत फाडफाड वाचत व्हती पोर, तुमीच बिघडवली तिला!"

"राघोभाऊ, ती तेव्हा वाचत नव्हती. आज वाचलंय तिने. आत्ता."

हेडमास्तरांनी पुस्तक मिटलं. "बाई, मी तुमचा आदर करतो," ते म्हणाले. "पण दिवाळीत मुलगी पान वाचत होती असं बाप सांगतो. आज तिला एका शब्दाला इतका वेळ लागला. म्हणजे मुलगी मागे चालली आहे. तिला मी कुठल्या तोंडाने पुढे ठेवू? बोललो होतो एक ओळ. झाली नाही."

"तो शब्द तिने स्वतः वाचला, सर. जन्मात पहिल्यांदा."

"एक शब्द, बाई."

त्यांच्या हिशेबात ते बरोबरच होते. एक शब्द म्हणजे एक शब्द. तो कुठून आला, किती लांबून चालत आला, हे मोजायला शाळेकडे काही नसतं. असल्या शाळेला काय करायचंय, असं मी तोंडावर म्हणाले त्यांना. त्यांनी ऐकून घेतलं आणि नाव काढलं.

राघोने साजिदाबाईंची शिकवणी बंद केली. बाई दोनदा आमच्या खोलीवर आल्या. फी नको म्हणाल्या. शुक्रवारी लूम बंद असतात, त्या दिवशी इथेच येऊन शिकवते म्हणाल्या. राघोने त्यांना दारातूनच परत पाठवलं. दुसऱ्यांदा मी त्यांच्या मागे गल्लीच्या तोंडापर्यंत गेले. त्या म्हणाल्या, "मी काढली असती तर ती पाचवीत गेली असती, धोंडूबाई. सहावीतही गेली असती कदाचित. आणि वाचता कधीच आलं नसतं." मग थांबून म्हणाल्या, "आता तरी कुठे येणार आहे?" पुढच्या वर्षी त्यांनी शिकवणी बंद केली आणि मुंबईला नोकरी धरली, असं सेठच्या घरून कळलं. मी त्यांना दोष देत नाही. भिवंडीने त्यांना दिलं काय होतं?

चंद्रा माझ्या शेजारच्या मशीनवर बसली. देवाकडे एकच गोष्ट मागितली होती, ती अशी मिळाली. हात चपळ, दोन-चार दिवसांत शिकली. बायजा म्हणाली, पोर गुणाची हाय. मी रात्री तोंड भिंतीकडे करून झोपायला लागले.

मी मधूनमधून एक उद्योग करायचे. सुताच्या पेटीवर खडूने घर, वड, असं लिहायचे आणि तिला खुणेने दाखवायचे. म्हटलं, बाई नाहीत तर नाही, मी सातवी पास आहे, आठवड्याला एक शब्द तरी. चंद्रा बघायची आणि मान फिरवायची. एकदा मी 'गवत' लिहिलं. हा तरी वाचेल म्हणून. तिने तो वाचला. मला समजलं, कारण डोळे अक्षरांवरून एकेक करून सरकले. पण ती हसली नाही. ओल्या फडक्याने तिने तो शब्द पुसून टाकला, नीट, कोपऱ्यांसकट.

मग ती माझ्याकडे वळली. लूम धडधडत होते, सगळा कारखाना हलत होता. ती ओठांनी बोलली, आमच्या बोलीत, आणि मला एकेक शब्द स्पष्ट दिसला.

"आत्ते, आधी मना वाचता येत व्हता ना?"

काय सांगायचं होतं मी तिला? नव्हतं येत, बाय, ते सगळं खोटं होतं, तुझी ती खुशी, बापाचा तो आनंद, सगळं? खरं तुझ्याजवळ एवढा एक शब्द आहे आणि तो तू आत्ता पुसलास? बाईंनी सांगितलं असतं. त्यांच्यात ती हिंमत होती. माझ्यात नाही. पोर माझ्या तोंडाकडे बघत उत्तराची वाट पाहत होती.

मी तिला दिसेल असं तोंड करून म्हटलं, "हो."

तिने मान हलवली, आणि पुन्हा कांड्या भरायला लागली.